करीमभाईंनी रिकामे केलेले कूलर

मंगळवार, दिवेलागणीनंतर. रिसोड.

शेजारच्या करीमभाईंची मुलगी आफरीन डेंग्यूने गेली, त्याला अजून महिनाही झाला नाही. आणि आज हा माणूस ब्रश घेऊन गल्लीतला एकेक कूलर रिकामा करत फिरत होता. कूलर दुरुस्तीचाच धंदा त्यांचा. पण आज त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

आमच्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, उन्हाळा सरला, पाणी तसंच हाये. सांडू का?"

मी मान हलवली. टाकी कलंडली तशा अंगणात डासांच्या अळ्या वळवळल्या. ते उकिडवे बसून बघत राहिले. उन्हात त्या निपचित पडेपर्यंत उठले नाहीत.

"एवढूशा तर हायेत, वहिनी."

एवढूशा. दिवसभर तोच शब्द डोक्यात. आमची गौरी आफरीनच्याच वर्गातली. जाताना करीमभाई म्हणाले, "पोरीले मच्छरदानीत निजवत जा."

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांचा स्वतःचा कूलर मात्र भरलेलाच. त्यावर आफरीनने कागदी फुलपाखरं चिकटवलेली, म्हणून तिची आई शमीमभाभी कोणाला हात लावू देत नव्हत्या.

"भिजून निघून जातीन ते," भाभी म्हणाल्या.

"नाही जात, भाभी. मी हाय ना," मी म्हणाले.

मग आम्ही दोघींनी कूलर धरला आणि करीमभाईंनी पाणी सोडलं. भाभींनी ओढणीने टाकी आतून कोरडी केली. फुलपाखरं तशीच राहिली. तिथेच खाली बसून त्या रडल्या. करीमभाईसुद्धा.