एकाच नावाच्या दोन दगडाबाई

प्रिय शितल,

कुरकुंभच्या कंपनीत आता रुळली असशील. चार महिने तुझा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. बोलायला लागले तर मी शब्द फिरवीन, म्हणून कागदावर लिहितेय.

आधी चांगली बातमी. इनामगावच्या दगडाबाई ठणठणीत आहेत. रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन आले. तू इथे होतीस तेव्हा, त्या दिवशी आपल्या फिरत्या दवाखान्यातल्या नर्सने स्क्रीन बघून पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. त्यांना ते चालत नाही, हे आपल्याकडे तीन वर्षं नोंदलेलं होतं. पण आदल्याच आठवड्यात आपण दुबार नोंदी एकत्र केल्या आणि त्यांची नोंद कासुर्डीच्या दगडाबाईंच्या नोंदीत मिसळून गेली. नाव एक, नवऱ्याचं नाव एक, जन्मतारीखही एक. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टर गाडीतच होते म्हणून निभावलं. रविवारी मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या नावाची दुसरी बाई हाय, तर घिऊन ये की तिला एकदा. बघू तरी कशी दिसती." मग जरा थांबून म्हणाल्या, "मानसं चुकत्यात, पोरी. पन चुकलं कोन, ते तुमास्नी ठाव हाय न्हवं?"

तू गेल्यावर काय झालं, ते तुला कुणी सांगितलं नसेल. रोज बॅकअप होतो, असं आपण सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो. तो उघडून कुणी कधी बघितलाच नव्हता. जुन्या नोंदी परत आणायला गेलो, तर निम्म्या फायली उघडेनात. मग गोकुळ आणि मी गावोगावचे जुने कागदी फॉर्म घेऊन बसलो. दोनशे चौदा माणसं एकमेकांत मिसळली होती. शेवटची दोन सुटी व्हायला एकोणीस दिवस लागले. आता दर महिन्याला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तपासतो. दोन नोंदी जोडायच्या तर गाव आणि मोबाईल नंबर पाहून माणूसच ठरवतो, आणि जुनी नोंद पुसत नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते. नोंदी एकत्र करणारा तुझा कोड लाइव्ह जाण्याआधी तपासायला माझ्याकडे आला होता. खाली तू लिहिलं होतंस, 'ताई, जन्मतारखेवर एवढा भरवसा ठेवावा का? जरा बघशील?' मला पाटसला लग्नाला पोचायचं होतं. मी न उघडताच मंजुरीचं बटण दाबलं. उघडलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. मी कासुर्डीची. माझी आई, चुलते, आत्या, सगळ्यांच्या आधारवर तारीख एक जानेवारी. वय अंदाजानं सांगितलं की तीच पडते. तू दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलीस, तरी शंका तुलाच आली. आणि मीटिंगमध्ये सत्यजीत सरांनी हे कुणी लिहिलं असं विचारलं तेव्हा तू हात वर केलास. माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तू राजीनामा लिहीत होतीस तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर होते.

काल सरांना सगळं दाखवलं, तुझा प्रश्न आणि माझी मंजुरी, वेळेसकट. त्या घटनेच्या अहवालात आता माझं नाव आहे. टीमची जबाबदारी मी सोडली. हे पत्र तुझ्या हाती पडलं की सर तुला फोन करतील, परत ये म्हणतील. यायचं की नाही ते तू ठरव. मला माफ कर, असं म्हणायचा धीर नाही. पण परवा तुझी बहीण अक्षदा भेटली. 'माझ्या हातून एक बाई मरता मरता वाचली,' असं तू अजून म्हणतेस, कॉम्प्युटरला हात लावायला घाबरतेस, असं ती म्हणाली. सरांच्या आधी हे माझ्याकडून तुला कळायला हवं. तू विचारलं होतंस, शितल. मी बघितलं नाही.

तुझीच,
अनुपमाताई