विहारात झालेली सोडचिठ्ठी

वेळणेश्वर
रविवार, नोव्हेंबरची अखेर

प्रिय तेजल,

सप्रेम जय भीम.

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील अशी भीती वाटली, म्हणून वरचा पत्ता अक्षयाकडून लिहून घेतला. अक्षया माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी, आता रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते. तिच्याबद्दल पुढे सांगतेच. तुला फोन लावून पाहिला होता, पण आमच्या घरातले सगळे नंबर तू बंद करून ठेवलेले दिसतात. त्याचा राग नाही. तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं, आणि वर चार शब्द ऐकवून आले असते. तू एक शब्दही न बोलता गेलीस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तू निर्धास्तपणे पुढचं वाचशील. परत नांदायला ये असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. सम्यक माझा मुलगा आहे, त्याला वाईट म्हणणार नाही. पण तो तिकडे मुंबईत आणि तू इथे आमच्या भाकऱ्या थापत, याला संसार म्हणायची माझीही तयारी नव्हती. तू रत्नागिरीत लॅबची नोकरी धरलीस तेव्हा घरात मोठा गहजब झाला. मला मात्र मनातून बरं वाटलं होतं. संस्कृतीला घेऊन तू चंपाताईंकडे, आपल्या आईकडे राहायला गेलीस, त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. पोरीचा समोरचा दात आला का गं? जाताना नुसती खिडकी होती तिथे.

इकडचं सगळं ठीक आहे. भात झोडून झालं, पेंढा रचला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते तुला कळलं असेलच, कारण मी तिकडे डोळ्याला पट्टी बांधून पडले होते आणि इकडे यांनी तुमची बैठक घेऊन टाकली. मी घरी आले तर सोडचिठ्ठी झालेली, पेढे नव्हते एवढंच. कागद मला वाचायलाही मिळाला नाही. डोळ्याला ताण नको म्हणे! एरवी माझ्या डोळ्यांची एवढी काळजी या घरात कोणी केल्याचं मला आठवत नाही.

तर आता ऐक. विहारात तुमचा जो कागद झाला, तो घटस्फोट नव्हे. कायद्याने तू आजही सम्यकची बायको आहेस आणि तो तुझा नवरा. पत्र खाली ठेवू नकोस, नीट सांगते.

मला हे कसं कळलं, तर सम्यकला स्थळ आलं म्हणून. तुला हे वाचून लागेल, पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मुलगी चिपळूणची आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमच्याकडे तारखेची चर्चा सुरू झाली होती. मुलीचे काका बघायला आले, चहा झाला आणि त्यांनी सहज विचारलं, कोर्टाचा हुकूम कुठे आहे? यांनी मोठ्या ऐटीत कपाटातून तो स्टॅम्पपेपर काढला. वर नोटरीचा शिक्का, खाली आपल्या बैठकीचा शिक्का, पंचांच्या सह्या आणि सगळ्यांच्या वर यांची सही, अध्यक्ष म्हणून. "आमच्या बैठकीचा निवाडा हाय, ह्याच्याम्होरं कोन बोलत नाय," असं म्हणाले. काकांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि पुढे लग्नाचा विषय न काढता पावसापाण्याचं बोलून निघून गेले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

यांना नुसता दोष देऊन चालणार नाही, तेजल. एके काळी गावकीत आपल्या माणसांना उभंसुद्धा करत नसत. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी आपली बैठक घातली. बांधाचं भांडण, भावाभावांची वाटणी, नवराबायकोची कुरबुर, सगळं विहारात मिटायला लागलं. दुसऱ्याच्या दारात न्याय मागायला जायचं नाही, हा त्यात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. आमच्या सासऱ्यांनी तर आयुष्यभर कोणाला कोर्टाची पायरी चढू दिली नाही. शहाण्याने चढू नये म्हणतात ना! पण तोच अभिमान धरून बसल्यामुळे लग्न मोडायला कायदा लागतो हेच आमची माणसं विसरून गेली. ज्या भिंतीला टेकून पंच बसतात, तिच्यावर संविधानाची उद्देशिका लावलेली आहे. दर सव्वीस जानेवारीला हे ती मोठ्याने वाचतात, आवाज छान लागतो यांचा.

डोळे तपासायला जायचं निमित्त करून मी रत्नागिरीला गेले आणि अक्षयाला गाठलं. जाताना त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून नेला होता. तिने तो मोठा करून वाचला आणि मला म्हणाली, "बाई, ह्या कागदानं भांडण मिटलं असेल, लग्न नाही मिटलं." आपण बौद्ध असलो तरी लग्नाला हिंदू विवाह कायदाच लागू होतो. कोर्टाने हुकूम दिल्याशिवाय घटस्फोट होत नाही. एखाद्या समाजात सोडचिठ्ठीची जुनी रूढी असेल तर कायदा तिला वाव देतो, पण ती रूढीही कोर्टासमोर पुराव्याने सिद्ध करावी लागते, नुसत्या शिक्क्याने होत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की सही करणारी माणसं हीच होती. आणि अशा कागदावर सम्यकने दुसरं लग्न केलं तर ते लग्नच ठरणार नाही, वर गुन्हा होईल. म्हणजे तुझं वाटोळं झालंच असतं, त्या चिपळूणच्या पोरीचंही झालं असतं.

मग मी तिला तो कागद वाचून दाखवायला लावला. मुलगी आईकडे राहील, आईने कसलीही मागणी करायची नाही, दागिने सासरी राहतील, आणि मुलीचा वडिलांच्या घराशी यापुढे कसलाही संबंध राहणार नाही. शेवटची ओळ मी तिला दोनदा वाचायला सांगितली. तू सही केलीस तेव्हा हे नीट वाचलं नसशील. सुटका हवी असते तेव्हा माणूस वाचत बसत नाही.

तू तरी काय करणार होतीस? समोर सगळे पुरुष, तुझ्या बाजूला एकट्या चंपाताई. मला तुझं लग्न होऊन आल्यावरचं पहिलं कालवण आठवलं. बांगड्यात तिरफळं घालायला विसरलीस आणि जेवताना कोणी काही बोलायच्या आत तूच हसून सांगून टाकलंस. अशी बोलकी पोर तू. त्या दिवशी विहारात तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही असं ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं.

अक्षयाने जे समजावलं ते तुला सांगते, तिची भाषा नाही माझ्या लक्षात राहिली. तुम्हा दोघांना वेगळं व्हायचं असेल तर दोघांनी मिळून एकच अर्ज कोर्टात करायचा. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालं आहे. अर्ज दिला की लगेच हुकूम मिळत नाही, साधारण सहा महिने थांबवतात. कोर्टाला योग्य वाटलं तर तो वेळ माफही होतो. मग पुन्हा दोघांना बोलावून विचारतात, अजून तुमचं तेच म्हणणं आहे का? तोपर्यंत कोणालाही मन बदलता येतं. मधल्या काळात मध्यस्थ बसवून बोलणी होतात, तिथे पंच नसतात, तुला तुझं म्हणणं सावकाश सांगता येतं. अर्जाबरोबर समझोत्याच्या अटी द्यायच्या: पोर कोणाकडे राहील, दुसऱ्याने तिला केव्हा भेटायचं, तिचा खर्च कोण करील, तुझ्या पोटगीचं काय, दागिन्यांचं काय. मुलीच्या खर्चाचा हक्क आईने सही करून सोडला तरी सुटत नाही, कारण तो हक्क मुलीचा असतो. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी अक्षयाच्या ऑफिसात जोरात टाळी वाजवली.

घरी येऊन यांना सांगितलं. "आमच्या बैठकीपरीस तुझं कोरट मोठं काय गो?" असं म्हणून ते ओटीवर जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत, मीही बोलवायला गेले नाही. सम्यकला फोन केला तर तो म्हणाला, बाबा म्हणतात तसंच राहू दे. मग मी जे केलं ते आमच्या घरात अजून कोणी माफ केलेलं नाही. चिपळूणच्या काकांना मी स्वतः फोन केला आणि सांगितलं, कागद खरा नाही, कोर्टाचा हुकूम येईपर्यंत तुमच्या मुलीची तारीख धरू नका. माणूस भला निघाला, माझे आभार मानले. सम्यकने मात्र पुष्कळ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पोटच्या पोराने फोन उचलला नाही की कसं वाटतं ते तुला सांगत बसत नाही, तूही आई आहेस.

शेवटी परवा त्याचा फोन आला. दुसरा रस्ताच नाही म्हटल्यावर करतो काय? कोर्टात काय करावं लागेल ते विचार, असं म्हणाला. म्हणजे आता थोड्याच दिवसांत त्याचा वकील तुझ्याकडे एकत्र अर्जाचा मसुदा घेऊन येईल. लगेच सही करायची नाही. आपला वेगळा वकील कर. अक्षया आमच्याकडून कोर्टात उभी राहणार नाही, तुझ्याकडूनही नाही, मी दोन्हीकडची असल्यामुळे तिला ते बरं वाटत नाही. पण कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, पगार असला तरी. लाजू नकोस. प्रत्येक ओळ वाच, कळली नाही तर पुन्हा विचार, आणि संस्कृतीच्या शाळेच्या बाबतीत एक पाऊलही मागे येऊ नकोस. दागिने मी यांच्या कपाटातून काढून माझ्या ट्रंकेत ठेवले आहेत. ते तुझेच आहेत, कोणी मागायची वाट बघणार नाही, तू सांगशील तिथे आणून देईन.

संस्कृती दुपारी माझी शाळा घ्यायची. मी विद्यार्थिनी, ती बाई. पाढे चुकले की मला कोपऱ्यात उभं करायची, आणि यांना शिपाई करून घंटा वाजवायला लावायची. अध्यक्षमहाराज मुकाट्याने पितळी ताटली वाजवायचे. हल्ली दुपारी घरात इतकं शांत असतं की आम्ही दोघं टीव्ही लावून ठेवतो आणि बघत नाही. ती अजून झोपताना पायात मोजे घालते का? थंडी पडली की तिला खोकला होतो, सोलकढी गार देऊ नकोस. हे सगळं तुला माहीत आहे, मी उगीच सांगते आहे.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. आधी लिहिलं असतं तर तुला हा सौदा वाटला असता, म्हणून शेवटाला ठेवलं. तू याला नाही म्हणालीस तरी वर सांगितलेल्यातलं काही बदलणार नाही, कोर्टात खरं बोलायची वेळ आली तर मी तुझ्या बाजूने खरंच बोलेन. अक्षयाला मी विचारलं, या सगळ्यात आजीचं काय? ती म्हणाली, बाई, आईवडिलांनी अटींमध्ये लिहिलं तर आजीची भेट त्यात येते, कोणी लिहिलं नाही तर तुम्हाला स्वतः कोर्टात मागावी लागेल. मी तुझ्याविरुद्ध अर्ज करणार नाही, तेजल, मेले तरी करणार नाही. सम्यक स्वतःची भेट मागेल की नाही याचीच मला खात्री नाही, माझी कुठून मागेल? म्हणून तुझ्याकडे मागते. अटी लिहिशील तेव्हा एक ओळ माझ्यासाठी घाल: मे महिन्याच्या सुट्टीत संस्कृती काही दिवस तिच्या आजीकडे राहील. दिवस तू ठरव, चार म्हणालीस तरी चालतील. पण लिहून घाल, म्हणजे उद्या या घरातल्या कोणालाही, यांनाही, तिला दारातून परत पाठवता येणार नाही. त्या कागदात आमचा तिच्याशी संबंध नाही असं लिहिलं आहे. माझी त्याच्यावर सही नाही. मला माझी नात बघायची आहे.

तुझीच,
संस्कृतीची आजी
करुणा