तुमची भट्टी आणि उजेडाचा गोंद

आत्ती,

गेल्या महिन्यात टेम्पोतून आलं ते असं: जांभळ्या उजेडाच्या दिव्यांची एक पट्टी, वापरलेली, नव्वद हजार. काळ्या कॅनमधून रेझीन, चौदा हजार. हातमोजे आणि डोळ्यांना लावायचे गॉगल, बावीसशे. टेम्पोवाला हमाली वेगळी मागत होता, ती दिली नाही. आम्ही मायलेकींनीच उतरवून घेतलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या की!" आल्या असत्या. पण शेडमध्ये टेप बनते, दूध नव्हे.

लग्न होऊन तुमची सून म्हणून आले, त्या आठवड्यातलीच गोष्ट. मी शेडच्या दारात उभी आहे. तुम्ही थिनरमध्ये विरघळवलेला रबराचा गोंद कागदावर ओढताय, कागद भट्टीतून सरकतोय, थिनर उडून जातंय आणि मागं चिकट टेप उरतेय. वासानं माझे डोळे चुरचुरले, मी पदर नाकाला लावला. समोर गिऱ्हाईक बसलेलं. तुम्ही मान न वळवता ओरडलात, "नाक झाकतीस व्हय गं? ह्याच वासावर चूल पेटती आपली!" गिऱ्हाईक हसलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही तुमचं मऊ झालेलं सुती लुगडं फाडून मला नाकाला बांधायला चार फडकी करून दिलीत. स्वतःला एकही ठेवलं नाहीत. "मला आता कशाचा वास येतोय," म्हणालात. ते चेष्टेनं म्हणालात असं मी धरून चालले.

चेष्टा नव्हती ती. पुढं आमटी करपली तरी तुम्हाला कळेना. दसऱ्याला भट्टीला हळद-कुंकू लावताना हात इतका कापायचा की अर्धं कुंकू जमिनीवर सांडायचं. डॉक्टरांनी थिनरचं नाव कधी घेतलं नाही, आणि आम्हीही कुणी विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर भट्टी ह्यांनी चालवली. आता टेबलाशी दोन पोरी कामाला असतात. त्यातली एक मुरगूडहून येते, आणि ती पोटुशी आहे. हे कळल्या दिवशीच मी ठरवलं, ह्या शेडमध्ये आता थिनर शिजणार नाही.

तुमची नात रसायनशास्त्र शिकली. ती म्हणाली, आई, उजेडानं घट्ट होणारा गोंद करू. काकवीसारखं दाट रेझीन कागदावर पसरायचं, हवा लागली तर वरचा थर ओलाच राहतो म्हणून वर पारदर्शक पातळ फिल्म पांघरायची, आणि जांभळ्या दिव्याखालून न्यायचं. थिनर नाही, भट्टी नाही. थोडा वास यालाही आहे आणि कातडीला लागलं तर चुणचुणतं, म्हणून मोजे. कागलच्या एका कारखान्याला गाडीच्या दाराची रबरी पट्टी चिकटवायला टेप हवी आहे. त्यांची परीक्षा अशी: लोखंडी पाटीवर टेप दाबून बसवायची, खाली वजन टांगायचं आणि गरम कपाटात ठेवायचं. अख्खा दिवस, अख्खी रात्र सुटता कामा नये.

आमची टेप जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकेना. वजन धाडकन खाली. पोरगी दिवा आणखी प्रखर करी, की वजन आणखी लवकर खाली. हे म्हणाले, "झाला खेळ तुमचा? सोमवारी भट्टी पेटवतो. आमच्या आईनं जन्मभर चालवली."

"आणि आईचं काय झालं?" मी म्हटलं. हे चहाला म्हणून बाहेर पडले ते दुपारीच आले.

नव्या मालाचा पहिला नग दत्तापुढं ठेवायचा, हा तुमचाच शिरस्ता. मी नव्या कॅनमधलं थोडं रेझीन काचेच्या बाटलीत घेऊन देवापुढं ठेवलं आणि वाडीला दत्ताच्या दर्शनाला पौर्णिमेला गेले. परत येऊन बघते तर बाटलीत घट्ट गोळा! पोरगी कपाळावर हात मारून म्हणाली, "आई, हे उन्हात ठेवलंस?"

"उन्हात कुठं? देवापुढं ठेवलं."

"देव पूर्वेच्या खिडकीत बसलाय की गं!"

मला रडू यायला लागलं. ती मात्र बाटली फडक्यात फोडून गोळा ओढून बघत बसली. तो ताणला जाई, तुटत नसे. मोज्याला धरी आणि सोडताना मागं काही ठेवत नसे. मग ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडली, "आई, आपण घाई करत होतो!" सकाळचं कोवळं ऊन काचेतून सावकाश लागलं, म्हणून आतले रेणूंचे धागे लांब झाले, आमच्या प्रखर दिव्याखाली ते आखूडच राहायचे. मला धाग्यांचं कळत नाही, मंद आचेचं कळतं. आता दिवा मंद केलाय आणि कागद पुढं नेणारा पट्टा हळू. दिवसाचा माल निम्मा होणार. "गोगलगाय बरी," असं हे म्हणाले. म्हणोत. रात्रपाळीला पट्ट्याशी मी बसेन.

आज सकाळी नवी टेप पाटीवर दाबून वजन टांगलंय. हे लिहितेय तोवर धरून आहे. उद्या सकाळपर्यंत धरलं तर कागलचा माणूस येणार, सुटलं तर भट्टी पेटणार, असं ह्यांचं म्हणणं.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, एवढी अक्कल आहे मला. तरी लिहितेय, कारण भंगारवाल्याला मी शब्द दिलाय. वजन टांगलं, हे बँकेत गेले, आणि मी त्याला फोन केला. तो भट्टीभोवती फिरून म्हणाला, "वैनी, मालकास्नी इचारलंय न्हवं? मागनं माझ्या नावानं बोंब नको."

"भट्टी माझ्या सासूची आहे," मी म्हटलं. "मी सासूला विचारते. तू उचल."

उचलायच्या आधी हळद-कुंकू लावलं, पाया पडले. वजन उद्या सुटलं तर पोरगी पुन्हा दिवा लावेल, परवा पुन्हा लावेल. पेटवायला भट्टी मात्र नसेल. भट्टी घेऊन त्याचा टेम्पो मघाशीच गेला, आत्ती. विचारायचं आत्ता विचारतेय. काय बोलायचं असेल ते उलट टपाली कळवा.