मोहोर लावलेली विहीर

जळगाव, ता. २ मे १९३८

प्रिय हबीब,

सलाम. सुगराबीवहिनींची तब्येत आता बरी असेल. धुळ्याला तुझं सोड्याचं नवं यंत्र सुरू झाल्याचं कळलं, आनंद वाटला. भागी मोडून, भांडून गेलास तरी खुशाली विचारायचा हक्क शाळेत एका बाकावर बसलेल्या माणसाला असतोच.

इथे पटकीची साथ आली आहे. तलावाच्या पाण्यात दोष सापडला म्हणून परवापासून गावचे नळ बंद. दवंडी पिटली. काल सॅनिटरी इन्स्पेक्टर स्वतः आपल्या सोडा कारखान्यात आले. खाणावळी, बर्फवाले, सोडावाले या सगळ्यांना एकच हुकूम: एकतर धंदा बंद ठेवा, नाहीतर तपासलेल्या सरकारी विहिरीचं पाणी गाडीने आणा, खळखळून उकळा, झाकून निववा, मगच वापरा. आवारातल्या विहिरीवर फळ्या ठोकून त्यांनी लाखेची मोहोर लावली. मी सही केली. धंदा बंद ठेवणार नाही, नियम पाळून चालवीन, असं सांगितलं.

अडचण तुलाच कळेल. उकळलेलं पाणी या उन्हात दोन-दोन दिवस कोमट राहतं, आणि कोमट पाण्यात गॅस मुरत नाही. गॅसच्या जोराशिवाय बाटलीच्या गळ्यातली गोटी वर येऊन बसतच नाही. नशिराबादच्या अलीकडच्या वाडीत कौतिक पाटलांच्या मुलीचं लग्न आहे, पाचशे बाटल्यांचा शब्द दिलाय. पटकीच्या दिवसांत पाण्यापेक्षा सोडा बरा, म्हणून त्यांनी मुद्दाम मागवल्यात. पाणी लवकर निववायचा काही उपाय असला तर उलट टपाली कळव.

तुझा,
लीलाधर

जळगाव, ता. १२ मे १९३८

प्रिय हबीब,

तुझं कार्ड वेळेवर मिळालं. "माठांना ओली फडकी गुंडाळ, दोन दिवस थांब. थांबता येत नसेल तर पाटलांना स्वतः जाऊन नाही म्हण. सोडावाल्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात." सगळं नीट समजलं. त्याप्रमाणेच केलं.

लग्न पार पडलं. बाटल्या वेळेवर पोचल्या. मी स्वतः गाडीबरोबर गेलो होतो.

इन्स्पेक्टर परत येऊन गेले. विहिरीवरची मोहोर बोटाने चाचपून पाहिली, शाबूत होती. म्हणाले, "लीलाधरशेठ, सगळ्यांनी तुमच्यासारखं वागलं तर आमचं काम हलकं होईल." इतर सोडावाल्यांना आपला कारखाना दाखवायला आणणार आहेत.

वाडीत मात्र आजार शिरलाय. दोन-तीन माणसं गेली म्हणतात. लग्नाच्या गर्दीत कुठून कोण काय घेऊन येतं, कोणी सांगावं? बाटल्या धुणारा आपला उखर्डू हल्ली माझ्याशी नजर मिळवत नाही. ऊन फार आहे, माणसं चिडचिडी होतात.

अन्न गोड लागत नाही. बाकी ठीक.

लीलाधर

जळगाव, ता. १९ मे १९३८

हबीब,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुझं कार्ड आलं तेव्हा लग्नाला एकच दिवस उरला होता. उकळलेल्या पाण्याच्या साठ बाटल्या भरल्या, सगळ्या मिळमिळीत. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी विहिरीच्या मागच्या बाजूची फळी उचकटली. मोहोर पुढच्या बाजूला होती, तिला धक्का लागला नाही. उखर्डू म्हणाला, "शेठ, हाई पानी बंद करेल शे. नका काढू." मी म्हटलं, "पाणी नितळ आहे, दोर सोड." बादली वर आली ती गारेगार. पाचशे बाटल्या संध्याकाळपर्यंत भरून झाल्या. फळी पुन्हा ठोकली.

त्या विहिरीला बोळातल्या गटाराचा पाझर लागतो, हे तू दोन वर्षांपूर्वी सांगत होतास. ती बुजवायची म्हणालास, मी ऐकलं नाही, आणि त्यावरूनच आपलं फाटलं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही.

मांडवात पहिली बाटली मीच उघडली. गोटी दाबली, फस्सकन आवाज झाला, लोक हसले. ती बाटली मी नवरीच्या हातात दिली. भिकुबाई तिचं नाव. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्यामागून आणखी आठ. आजाऱ्यांना पाणी नको, सोडाच पाजा, म्हणून उरलेल्या बाटल्या त्यांच्याच तोंडाला लावल्या, हबीब. माझ्याच बाटल्या.

सोड्यावर कोणाचाही संशय नाही. संशय गेला झुंबरबाईवर. ही विधवा बाई लग्नात पाणी भरायला होती. तिच्या हातचं पाणी पिऊन माणसं मेली, आणि ती एकटी धडधाकट. ती डाकीण आहे, असं वाडीने ठरवलं. परवा तिचं खोपट पेटवलं.

काल मी गाडी घेऊन गेलो. वाडीबाहेर बाभळीखाली बसली होती, कपाळ फुटलेलं. विचारलं, "बाई, तुम्हाला काहीच कसं झालं नाही?"

ती म्हणाली, "माले कोनीच सोडा दिन्हा नही, शेठ. पानी भरनारीले कोन सोडा देस? म्हनीसन मी जित्ती शे. आनि तोच मना गुन्हा."

तिला काही कळून ती बोलली नव्हती. जे झालं ते सांगितलं, एवढंच. तिला गाडीत घालून घरी आणलं. तुझ्या ताईबाईवहिनीने जखम धुतली, जेवू घातलं. मग मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. झुंबरबाई ओसरीवर आहे. आपण कोणाच्या घरी आहोत, हे तिला अजून मी सांगितलेलं नाही.

नळ आज सुरू झाले. उखर्डू म्हणतो, "शेठ, आते बठ्ठं मिटी गय. कोनले काय समजस?" खरंच, सगळं मिटलंय, कोणाला समजणार नाही. इन्स्पेक्टरांनी वर जो अहवाल पाठवला त्यात आपला कारखाना निर्दोष आहे, आणि दोष 'पाणी भरणाऱ्या बाईच्या अस्वच्छतेचा'. उद्या पोलीस वाडीत तिच्या चौकशीला येणार आहेत.

आणखी एक. कारखान्याच्या परवान्यावर अजून आपली दोघांची नावं आहेत. तू काढायला सांगितलं होतंस, मी आज-उद्या करत राहिलो. तेव्हा नीट वाच: फळी मी उचकटली, हुकूम मी दिला, तू त्या दिवशी धुळ्यात होतास.

उद्या सकाळी पोलीस कचेरीत जाऊन हेच सांगायचं ठरवलंय. पण त्या दुपारीही नियम पाळायचंच ठरवलं होतं, हबीब. मी स्वतःला ओळखून आहे. म्हणून हे पत्र आधी टपालात टाकतो आणि मग कचेरीची वाट धरतो. चार दिवसांत माझ्या अटकेची खबर तुझ्या कानावर आली नाही, तर हे पत्र घेऊन तू ये, आणि माझ्याकडे न येता सरळ फौजदारांकडे जा.

लीलाधर