हात टेकायचं पान

डॉलगेली, १२ मार्च १८२३

ती. गाएनोर आत्यास,
इथेलचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या घराण्याची पोथी पोचली. गाडीवानाने ती ओटच्या पोत्यात खुपसून आणली होती. भुसा झटकताना माझा जीव वर-खाली होत होता. तुम्ही एकशेबारा पाने म्हणाला होता, माझी एकशेदहा भरतात. तीनदा मोजली. कृपा करून कळवावे, नाहीतर दोन पाने मीच हरवली असे व्हायचे.

तुमच्या अटी पाळतो आहे. जवळ मेणबत्ती नाही, हाताला तेल नाही. दुपारी मालक जेवून डुलकी काढतात, तेवढा वेळ खोगिरांच्या दुकानातल्या खिडकीशी बसून उतरवून घेतो. तिच्यातली जुनी वेल्श भाषा मला निम्मीच कळते. माझी शाळा दोन हिवाळ्यांची, हे तुम्ही जाणताच. म्हणून शहाणपण न करता, जसे अक्षर तसे अक्षर काढतो.

एक गोष्ट मात्र छळते आहे. शेवटून तिसरे पान मधोमध साफ पुसले गेले आहे, जणू कोणी ते वर्षानुवर्षे चोळत होते. काठाला थोडी अक्षरे उरली आहेत. हे कशाने झाले? आणि तिथे होते तरी काय? विचारणे आगाऊपणाचे वाटले तर रागवावे, पण सांगावे.

तुमच्या मायेच्या जोरावर एवढे विचारतो.
इथेल


त्रेवान, २१ मार्च

चि. इथेल यास अनेक आशीर्वाद.

पानं एकशेदहाच आहेत. दोन तुझ्या आजोबांनी शिंप्याला दिली, कोटाचं माप कापायला. तुला घाबरवावं म्हणून मी एकशेबारा म्हटलं. घाबरलास ना?

ते पान नेस्टचं, आपल्या कितव्या तरी पणजीचं. तिनं आपल्या घरात अकरा मुलं जन्माला घातली आणि एकही गमावलं नाही. ती गेल्यावर कवीनं रचलेलं तिचं स्तुतिगीत त्यावर आहे, असं माझी आजी सांगायची. म्हणून घरातली प्रत्येक बाई बाळंतपणाआधी त्या पानावर हात टेकते. तुझ्या आईनं टेकला, आणि तू झालास, शाळेतून पळण्याइतका धडधाकट. मी दोनदा टेकला. त्याबद्दल नको बोलायला.

पण वाचलेलं कोणीच नाही. मरायच्या आधी मला ते कळायला हवं. तुझे डोळे तीक्ष्ण आहेत, बघ काही लागतं का.

मात्र एप्रिल सरायच्या आत पोथी घरी हवी. तुझ्या बहिणीचे दिवस भरत आलेत. शोनेदचं पहिलं बाळ गेल्या वर्षी हाती लागलं नाही, म्हणून ती फार धास्तावली आहे. पोथी आली का, म्हणून रोज विचारते. तिला दुसरा आधार नाही, हे ध्यानात ठेव.

वेळेवर जेवत जा. मायेत कसर नाही.
गाएनोर


डॉलगेली, १४ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन्हींत खरे सांगायला मी अर्धे पान घालवले, म्हणून आता पहिल्यांदा तेच. नेस्टचे पान माझ्या हातून काळे झाले.

अक्षरे भिंगातूनही जुळेनात. इथल्या शाळेचे तुदुर मास्तर म्हणाले की माजूफळ भिजवून ते पाणी पिसाने हलके फिरवले की बुजलेली शाई वर येते, मोठमोठे विद्वान असेच करतात. मी केले. आत्या, अक्षरे खरोखर वर आली, एकेक करून, तांबूस. मी श्वास धरून सगळी उतरवली. दुसऱ्या दुपारी पाहतो तर पान दौतीच्या बुडासारखे. मास्तर म्हणाले, कधी कधी असेही होते. हे आधी सांगायला काय झाले होते त्यांना? पण दोष माझा. झाडाच्या सालीत कमावलेल्या ओल्या कातड्यावर लोखंडी खिळा राहिला की काळा डाग पडतो, हे मी रोज पाहतो. माजूफळ त्या सालीच्याच गुणाचे, शाईत लोखंड, आणि पान कातड्याचे.

दुसरे असे की ते मरणानंतरचे गीत नाही. नेस्ट त्यात जिवंत आहे. तिच्या वतीने कवी शेजारच्या नान्त वाडीच्या मालकाकडे वळू मागतो आहे, कारण दोन वर्षे त्रेवानच्या गाई गाभण राहिलेल्या नाहीत. चाळीस ओळी नुसते वळूचे वर्णन: कपाळ चर्चच्या दारासारखे, छाती किनाऱ्याला लागणाऱ्या होडीसारखी, श्वास म्हणजे ओल्या सरपणाचा धूर. सहा ओळी लागल्या नाहीत. तिथे कोरी जागा सोडली आहे, अंदाजाने एक अक्षरही भरलेले नाही.

पोथी लोकरीत गुंडाळून आजच पाठवतो, सोबत उतरवलेला कागद. शोनेदला काय सांगाल? मला झोप नाही.

लोभ ठेवा असे म्हणायला तोंड नाही.
इथेल


त्रेवान, ३ मे

चि. इथेल,

आशीर्वाद आहेत, पण जरा वेळानं.

दोन दिवस मी तुझं नाव घेतलं नाही. एक पत्र लिहिलं होतं, ते चुलीत घातलं. तुला झेपलं नसतं. मग पान उजेडात धरून बसले. काळं तू केलंस, पण पुसलं कोणी? आम्हीच, एकेकीनं. त्यात माझाही तळवा आहे.

शोनेदला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कळा सुरू झाल्या तसं तिनं पान मागितलं. मी भलतंच उघडून पुढे केलं. ती म्हणाली की आत्या, पाळण्यात असल्यापासून बघतेय मी ते, मला नको फसवू. मग खरं दाखवलं, सगळं सांगितलं. तिचा हात तसाच वर राहिला. मला वाटलं, आता ही धीर सोडणार. तर म्हणते, मग त्यात होतं काय ते वाच की.

मी तुझा कागद वाचायला घेतला. होडीपाशी येईतो सुईण हसून हसून खाली बसली. शोनेद दोन कळांच्या मध्ये ओरडली की गाई गाभण राहाव्यात म्हणूनच मागितलाय ना वळू, मग आम्ही अगदी बरोबर पानावर हात टेकत होतो! तुझ्या कोऱ्या जागेशी मी अडखळले की ती म्हणायची, थांब थोडी, मला दम घ्यायला बरं.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. पोर रडते ते नान्तपर्यंत ऐकू जातं.

उरलेली पानं इथे येऊन उतरव, माझ्या डोळ्यांसमोर, कोरड्या हातानं.

आता शोनेदनं एकच धोशा लावलाय: दिला का त्यांनी वळू? कवितेत तर उत्तर नाही. नान्तच्या म्हाताऱ्याशी कुंपणावरून सोळा वर्षं आपलं बोलणं नाही. उद्या मी चांगली टोपी घालून त्याच्याकडे जाणार आहे. तो दारातच विचारेल, काय मागायला आलीस म्हणून. तीनशे वर्षांपूर्वीच्या वळूची चौकशी करायला आले, हे तोंड सरळ ठेवून कसं सांगावं, त्याचा सकाळपासून सराव करतेय.

राग बराचसा गेला. राहिलेला तू आल्यावर वाढीन, भाकरीबरोबर.
तुझी आत्या, गाएनोर