सहाव्या मजल्यावरचा वैरागी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला दगड आणि बसायलाही दगडच, तेव्हा अक्षर सांभाळून घे. चार महिने पाठीवर पिशवी टाकून हिंडतोय, आता खिंडीच्या पायथ्याशी पोचलोय. एकतीस वर्षं आपण दोघांनी लॉन्ड्रीत लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले. माणसाला लागतं किती थोडं, ते मात्र इथं कळलं. ओढ्यावर आंघोळ, मिळेल ते खाणं. सुखाची हाव म्हणून राहिली नाही.

जास्तीचे कपडे पार्सलने पाठवतोय, ओझं नको झालंय. आणखी एक. सहा महिने मी फिरायचं, मग मी दुकान सांभाळून तुला सहा महिने सोडायचं, असं आपलं ठरलंय, ते विसरलो नाही. पण खिंडीत बर्फ आहे. मला दोन महिने वाढवून दे. पत्र शहरातल्या मोठ्या पोस्टात पाठव, कुणीतरी वर आणून देतं.

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. दातांच्या डॉक्टरीणबाई हळहळल्या. गणिताचे मास्तर म्हणाले की असा विरक्त माणूस लाखात एक. माझी मान ताठ झाली. मग तुझं पार्सल उघडलं.

अरे, कुणाला फसवतोयस? कॉलरच्या आत हॉटेलच्या लॉन्ड्रीची चिठ्ठी टाचलेली आहे, हॉटेलच्या नावासकट, खोली ६१२. एका शर्टाला तीन रंगांच्या तीन चिठ्ठ्या, म्हणजे तीन आठवडे. आपणही दर आठवड्याला रंग बदलतो, ते विसरलास का? आणि मोज्यांना इस्त्री. ओढ्यावर आंघोळ करणाऱ्याच्या मोज्यांना इस्त्री कोण करून देतं, ते तरी कळव. हयात लॉन्ड्रीत घालवलेल्या माणसाने चिठ्ठ्या काढायला विसरावं, म्हणजे सुखाने तुझी मती पार गुंग झालेली दिसते.

चेष्टा पुरे. मी एकोणसाठची आहे. डॉक्टरांनी गुडघे बघून सांगितलंय की डोंगर चढायचा असेल तर या उन्हाळ्यात चढा, पुढच्या वर्षी जिना चढलात तरी खूप. ती खिंड बघायची मला लहानपणापासून इच्छा आहे. तुझे दोन महिने माझ्या वाट्यातून जातात. मला राग आलाय, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलंय. म्हणून हे पत्र त्या मोठ्या पोस्टात न पाठवता हॉटेलच्या पत्त्यावर, थेट सहाव्या मजल्यावर पाठवतेय.

अजून तरी तुझीच,
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
मान खाली घालून सा. न.

पत्र न्याहारीच्या ट्रेमधून आलं. घास घशाखाली उतरला नाही. म्हणजे पहिला उतरला होता, दुसरा उतरला नाही.

टाचेला फोड आला म्हणून एका मुक्कामासाठी शहरात आलो. नळ फिरवला तर गरम पाणी. तीन महिने ओल्या तंबूत काढल्यावर मी त्या पाण्याखाली पाऊण तास उभा होतो. मग पांढरी चादर, मग लिफ्ट. दारामागे कपड्यांची पिशवी टांगलेली असते, सकाळी टाकायचे, संध्याकाळी कडक होऊन परत. पडल्या पडल्या मनात यायचं, आज दुसऱ्या कुणाची तरी कंबर दुखतेय. पाप वाटायचं, पण झोप छान लागायची. फोड बरा होऊन महिना झाला. खिंड मी खिडकीतून पाहिली.

तुझे गुडघे मी विसरलो, याची फार लाज वाटते. सोमवारी निघतो. उद्याच निघालो असतो, पण रविवारी न्याहारीला चार प्रकारचे केक असतात. एक ऐक, तू या शहरात पाऊलही टाकू नकोस, सरळ खिंड गाठ. इथं माणूस बिघडतो.

तुझ्या क्षमेची वाट पाहणारा,
धाकटा

ता. १९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खिंड चढले. लोकांना चार दिवस लागतात, मला नऊ लागले. शेवटचा टप्पा बसत, रांगत, देवाला आणि तुला बोल लावत पार केला. वर वारा आणि दगड, दुसरं काही नाही. अर्धा तास बसले. इतका आनंद मला कधी झाल्याचं आठवत नाही. मग गुडघ्यांनी बास म्हटलं आणि मी त्यांचं ऐकलं.

आता मुक्काम खोली ६०९. तुझ्या हॉटेलात आले ती फक्त त्यांची इस्त्री तपासायला. चिखलाचे कपडे पिशवीत टाकले. संध्याकाळी परत आले तर कॉलरला ही भली मोठी सुरकुती. तक्रार करायला म्हणून उठले आणि तो शर्ट हातात धरून पलंगावर रडत बसले. एकतीस वर्षांत माझा कपडा दुसऱ्या कुणी इस्त्री केला नव्हता. आपल्या दुकानात सगळ्यांचं झालं की माझा नंबर, आणि बहुतेक दिवस तो यायचाच नाही. तू शेजारच्याच टेबलावर होतास. तुझ्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

माझे सहा महिने ऑक्टोबरात संपतात. तोवर मी इथंच आहे. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ताई हॉटेलात आहे म्हणून सांग, उगाच डोंगर मध्ये आणू नकोस. घरी कपाटात माझे धुतलेले कपडे चुरगळून पडलेत. उद्या दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकांच्या आधी ते इस्त्रीला घे.

तुझ्यावर जीव आहेच,
ताई