कपाटाच्या माथ्यावर काय आहे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, तर्कशास्त्राची निवृत्त शिक्षिका आणि सभागृहांतून बोलणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. शुद्ध कशाला म्हणायचे यावर आमच्या घरात अनेक वर्षे भांडण चालू असल्यामुळे डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. त्या माझ्या भावाच्या रुग्णालयातल्या नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर त्याला काय ऐकावे लागले असते, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

सगळी व्यवस्था माझ्या वकीलबाईंनी पाहावी. कागद दोन आहेत. पहिला माझा धाकटा भाऊ आणि माझी मुलगी यांच्यासमोर वाचावा. दुसरा कधी फोडायचा ते पहिल्याच्या शेवटी आहे.

पहिला कागद

१. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मुलांनी हवे ते कापून शिकावे. मेंदू मात्र भावाच्या संस्थेला देऊ नये. स्वतःचा असून त्याने वापरला नाही. माझा बरणीत घालून काय करणार?

२. बँकेतली शिल्लक आणि वरचा मजला मुलीला, बिनशर्त.

३. आता भावाविषयी. तो हृदयाचा डॉक्टर आहे आणि मृत्यूनंतर चेतना उरते का, यावर संशोधन करतो. आई गेल्यावर त्याला मी वाढवले. वाद घालायलाही मीच शिकवले. हा प्रश्न मूर्खपणाचा आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. कोणत्याही व्यासपीठावर नाही. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेली माणसे सांगतात की आम्ही वर तरंगत होतो, खाली आमचेच शरीर दिसत होते. खरे असेल तर त्यांना रुग्णालयाच्या खोलीतल्या कपाटाच्या माथ्यावरचेही दिसले पाहिजे. म्हणून, “तिथे एक चित्र ठेव, तोंड छताकडे करून, कोणाला अंदाजाने सांगता येणार नाही असं,” हे मीच त्याला सुचवले. त्याने चष्मा घातलेल्या बकरीचे चित्र काढून घेतले. आम्ही दोघे पोट धरून हसलो होतो. त्या परीक्षेला मी जन्म दिला आहे. तिची विटंबना मी विसरणार नाही.

कितीतरी रोगी परत आले. बकरी कोणालाच दिसली नाही. मग माझ्या नवऱ्याची पाळी आली.

माझा नवरा त्याच रुग्णालयात दिव्या-पंख्यांची देखभाल करायचा. त्याचे हृदय थांबले, भावाने ते पुन्हा चालू केले. त्या दिवशी मी भावाचे पाय धरले असते. नवऱ्याने डोळे उघडले आणि हसून विचारले, “काय रे, ती चष्मेवाली बकरी आहे का अजून वर?”

भाऊ खाली वाकला. “दाजी, तुम्हाला दिसली?”

“दिसली म्हणजे? ट्यूब बदलायला शिडी लावली होती ना मी, तेव्हाच बघितली. म्हटलं, साहेबांची कोणी नातेवाईक असेल.”

मी तिथे होते. सभागृहात भावाने बकरी सांगितली, शिडी सांगितली नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी त्याला घरी गाठले. म्हणाला, “ताई, समजून घे गं. इतकी वर्षं नुसतं नाही, नाही, नाही ऐकलंय मी. एकदा हो मिळालं.”

“मिळालं नाही. तू बनवलंस.”

“दाजींची हरकत नाही, तुलाच का?”

नवरा कोपऱ्यातून म्हणाला, “माझं सोड, बकरीला विचारलंय का कोणी?” त्याचा स्वभावच तसा होता. माझा नाही.

४. दुसऱ्यांदा नवऱ्याला झटका आला तेव्हा भावाने मला दाराबाहेर काढले. आत यंत्रे लावायची होती. मी दारावर मुठी आपटत होते. एका नर्सने हुकूम मोडून दार दोन बोटे उघडे ठेवले, म्हणून मला ऐकू आले. भाऊ विचारत होता, “दाजी, वर काय दिसतंय? वरचं सांगा!” आणि नवरा म्हणाला, “उजेड डोळ्यांवर येतोय रे. हिला आत बोलाव.”

मला आत बोलावले गेले नाही.

पुढच्या व्याख्यानात भावाने डोळे पुसत सांगितले की दाजींचा शेवटचा शब्द ‘उजेड’ होता. तो पलंगाच्या वर लावलेला दिवा होता, नवऱ्यानेच बसवलेला. माझ्या मुली, तू त्या अर्ध्या वाक्यासाठी दर रविवारी मामाच्या यंत्रांसमोर बसतेस आणि बाबा काही बोलतील म्हणून वाट पाहतेस. उरलेले अर्धे वाक्य हे असे आहे. मी सांगितले तेव्हा तू म्हणालीस, “आई, तुला बाबा नकोच आहेत कुठेही.” मला तो इथे, या खाटेवर हवा होता.

५. त्या नर्सला माझा लोकरीचा लांब कोट. तिने दाराची फट सोडली, तेवढेच माझ्या वाट्याला आले.

६. सभागृहाच्या अध्यक्षांनी माझे भाषण चालू असताना ध्वनिक्षेपक बंद करून “बाई, आटपा” अशी चिठ्ठी पाठवली होती. माझी सगळी पुस्तके सभागृहाला मिळतील. अट एवढीच की ते अपुरे भाषण अध्यक्षांनी स्वतः, उभे राहून, शेवटपर्यंत वाचावे. मध्ये पाणी पिऊ नये.

७. नवऱ्याची शिडी भावाला.

८. तळमजला माझ्या मालकीचा आहे आणि भावाची संस्था तिथे फुकट चालते. तो त्याला कायमचा हवा आहे. ठीक आहे. माझा प्राण जाताच वकीलबाईंनी माझ्या खोलीला कुलूप लावलेले असेल. खोलीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या माथ्यावर काय आहे, हे भावाने एका महिन्यात लेखी सांगावे. चेतना उरते असे तो छातीठोकपणे सांगतो. मग मी त्याच्या आसपासच असणार, आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. त्याने यंत्रे लावावीत, मेलेल्यांशी बोलणारी माध्यमे बोलवावीत, हवे ते करावे. फक्त कुलूप उघडू नये.

इथे वाचन थांबवावे. भावाचे उत्तर सहीनिशी हाती आल्यावर, त्याच खोलीत, दुसरा कागद फोडावा.

दुसरा कागद

९. भावाचे उत्तर मोठ्याने वाचावे. मग मुलीने बाबांची शिडी कपाटाला लावावी आणि स्वतः वर चढून काय दिसते ते सांगावे. दुसऱ्या कोणाचे ऐकू नये.

तिला धूळ दिसेल. नवरा होता तोवर तो वरून फडके मारायचा. तो गेल्यापासून तिथे कोणाचा हात लागलेला नाही. ती धूळ माझी तिसरी साक्षीदार समजावी, आणि तिची उलटतपासणी भावाने खुशाल करावी.

१०. ही चेतनेची परीक्षा नाही, हे मला कळते. रिकाम्या माथ्यावरून चेतनेविषयी काहीच सिद्ध होत नाही. ही परीक्षा भावाची आहे.

त्याने एखादे चित्र सांगितले असेल, फूल, पक्षी, माझा तरुणपणचा फोटो, ‘ताईने स्वतः येऊन सांगितले’ असे काही, तर तळमजला मुलीचा. भावाने संस्थेची पाटी स्वतःच्या हाताने उतरवावी आणि शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या दाराने, भर रस्त्यातून चालत जावे. मागच्या दाराने जाऊ देऊ नये. त्या खोल्यांत, रोगी आत आणि आपण बाहेर अशा नातेवाइकांना थांबायला जागा करावी. दारांना कड्या बसवू नयेत.

‘काही नाही’ असे त्याने लिहिले असेल तर तळमजला त्याचा, पण वकीलबाईंनी आधी कुलूप तपासावे.

११. आणखी एक शक्यता उरते. ती मी बराच वेळ लिहू की नको करत बसले होते. कदाचित त्याने लिहिले असेल, “मला माहीत नाही.” लहानपणी पाढा चुकला की तो तसे म्हणायचा आणि मी त्याला शाबासकी द्यायचे, कारण तिथूनच शिकणे सुरू होते. मोठेपणी त्याच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नाहीत.

लिहिले असेल तर तळमजला, यंत्रे, पाटी, सगळे कायमचे त्याचे. शिडी त्याने प्रवेशद्वारात उभी करावी आणि येणाऱ्याला तिची गोष्ट सांगावी. अशा वेळी माझा सूड फसला असे समजावे. मला त्याचे वाईट वाटणार नाही, कारण मी नसेन. आणि असलेच, तर खात्री कशी करायची ते मी त्याला शिकवलेले आहे.

वरील दोन्ही कागदांवर मी वाचून, समजून, न रडता सही केली आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर सही झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही. यात आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही, “बाईंनी पेन आमचेच वापरले आणि परत केले.”)

स्थळ: राहते घर, वरचा मजला, कपाटाची खोली
तारीख: ११ ऑक्टोबर, सकाळी, खिडकी उघडी असताना